पात्र यंत्र, अपात्र यंत्र : परिचालन प्रणालीच्या हार्डवेअर-अटी आणि मराठी मजकूर

प्रस्तावना

नव्या परिचालन प्रणालीसाठी, म्हणजेच ऑपरेटिंग सिस्टीमसाठी, हाताशी असलेला संगणक पुरेसा आहे की नाही हे पडताळून पाहणे, ही महाविद्यालयांतील नित्याची बाब झाली आहे. प्रोसेसर कोणता, मेमरी किती आणि डिस्कवर जागा किती शिल्लक आहे, ही माहिती उत्पादक कंपनीने छापलेल्या आकड्यांशी ताडून पाहिली की काम संपते, असा सर्वसाधारण समज आहे. त्यामुळे हा विषय तंत्रज्ञाचा मानला जातो व इतिहासाच्या अभ्यासकाने त्यात लक्ष घालावे असे काही त्यात असेल, असे प्रथमदर्शनी वाटत नाही.

वस्तुतः ‘किमान हार्डवेअर-आवश्यकता’ या मथळ्याखाली छापला जाणारा लहानसा तक्ता हा एक ऐतिहासिक दस्तऐवजच होय. कोणत्या काळी कोणाचे यंत्र आत घेतले गेले आणि कोणाचे बाहेर राहिले, याची ती नोंद असते. मराठीच्या संदर्भात या तक्त्याला आणखी एक परिमाण आहे. इंग्रजीत लिहिणाऱ्याला ‘हे यंत्र चालेल का?’ एवढेच विचारावे लागे. मराठीत लिहिणाऱ्याला ‘हे यंत्र मराठी लिहील का?’ असा दुसरा प्रश्न विचारावा लागे, आणि दीर्घकाळ त्याचेही उत्तर हार्डवेअरमध्येच शोधावे लागे. ही अट कडक असताना लिहिलेला मराठी मजकूर अधिक निकोप राहिला आणि ती सैल झाल्यावर लिहिलेला मजकूर आज वाचणे दुष्कर झाले, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे.

या विषयाकडे वळण्याचे निमित्त घरचेच आहे. दिंडोशी परिसरात, गोरेगाव पूर्वेच्या टेकडीवर, नागरी निवारा परिषदेच्या वसाहती उभ्या आहेत. मृणाल गोरे, बाबूराव सामंत आदींच्या पुढाकाराने झालेल्या या गृहनिर्माण चळवळीतून निम्न मध्यमवर्गातील हजारो कुटुंबांना मुंबईत हक्काचे घर मिळाले. प्रस्तुत लेखक ज्या विभागात अध्यापन करतो, तेथील विद्यार्थ्यांनी २००३ ते २००६ या काळात या वसाहतींतील रहिवाशांच्या मुलाखती घेऊन त्यांची टिपणे संगणकावर उतरवली होती. त्या मुलाखती देणाऱ्यांपैकी अनेकजण आज हयात नाहीत. विंडोज १० या प्रणालीचे सर्वसाधारण साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी समाप्त झाले, त्या सुमारास विभागातील यंत्रांची पडताळणी करण्याचे काम लेखकाकडे आले. एक यंत्र २००३ मधील पेंटियम ४, त्यावर विंडोज एक्सपी, टिपणे त्यातच. दुसरे २०१७ मध्ये घेतलेले, सातव्या पिढीचा इंटेल प्रोसेसर व ८ गिगाबाइट मेमरी असलेले. दोन्ही यंत्रे अपात्र ठरली. परंतु दोहोंच्या अपात्रतेची कारणे इतकी भिन्न निघाली की त्या भिन्नतेचाच मागोवा घ्यावासा वाटला.

अटीचा उगम

आरंभीच्या संगणकांना असा प्रश्न लागूच नव्हता. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत घडवलेला व १९६० मध्ये कार्यान्वित झालेला टिफ्रॅक हा संगणक एकमेव होता; त्याच्यासाठी लिहिलेली आज्ञावली त्याच्यासाठीच असे. दिंडोशीहून आरेचे रान ओलांडले की पलीकडे पवई लागते. तेथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेत १९६० च्या दशकात सोव्हिएत बनावटीचा मिन्स्क संगणक होता. त्याचीही गोष्ट तीच. यंत्र आणि त्याची आज्ञावली ही जोडी अभेद्य असेल तर योग्यता तपासणार कोणाची?

हा प्रश्न निर्माण झाला तो आयबीएम कंपनीने १९६४ मध्ये सिस्टीम/३६० ही यंत्रमालिका जाहीर केल्यावर. लहान-मोठी अनेक यंत्रे, परंतु सर्वांची आज्ञाभाषा एक, अशी ती कल्पना होती. परिचालन प्रणालीही सर्वांना एकच द्यावी असा मूळ मानस होता. प्रत्यक्षात ओएस/३६० ही प्रणाली इतकी फुगली की मालिकेतील लहान यंत्रांच्या मेमरीत ती मावेना, आणि त्यांच्यासाठी डॉस/३६० ही निराळी, आटोपशीर प्रणाली द्यावी लागली. एकाच घराण्यातील यंत्रांची मेमरीच्या मापाने अशी प्रतवारी झाली. आज आपण ज्याला किमान आवश्यकता म्हणतो, तिचे कूळ येथे सापडते.

वैयक्तिक संगणकाच्या काळात ही प्रतवारी ग्राहकाच्या गळ्यात पडली. पूर्वी हिशेब कंपनीचा अभियंता करी, आता तो दुकानात उभ्या असलेल्या माणसाला करावा लागू लागला.

लिपी यंत्रात बसवावी लागे तेव्हा

डॉस प्रणालीच्या संगणकाला रोमन अक्षरे जन्मतःच येत. देवनागरी येत नसे. पडद्यावर ठरावीक चौकटींत ठरावीक चिन्हे उमटवणारी ती व्यवस्था वेलांटी, रफार आणि जोडाक्षरे यांना अनुकूल नव्हती. यावर कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत काम झाले आणि १९८३ मध्ये दिल्लीच्या तिसऱ्या विश्व हिंदी संमेलनात देवनागरी संगणकाचे प्रात्यक्षिक दाखवण्यात आले. पुढे १९८८ मध्ये पुण्यात प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजे सीडॅक, स्थापन झाले. कानपूरच्या कामात सहभागी असलेले मोहन तांबे तेथे आले आणि हे तंत्र ‘जिस्ट’ या नावाने पुण्यातून विकसित होऊ लागले. जिस्ट कार्ड ही एक छापील मंडलपट्टी होती. संगणकाचे झाकण उघडून आतील रिकाम्या खाचेत ती बसवावी लागे. भारतीय लिपींचे आकार जुळवण्याचे काम ती स्वतः करी.

म्हणजे त्या काळात मराठीची हार्डवेअर-आवश्यकता शब्दशः हार्डवेअरचीच होती. यंत्रात खाच रिकामी आहे का, कार्ड पडद्याच्या यंत्रणेशी जुळते का, आणि मुख्य म्हणजे कार्ड घेण्याइतके अनुदान आहे का, हे पाहावे लागे. वर्तमानपत्रे, बँका व शासकीय कार्यालये यांना हे शक्य होते. सामान्य महाविद्यालयाला ते सहजसाध्य नव्हते.

या कडक अटीमागे एक शिस्त होती. जिस्टमधील मजकूर इस्की या संकेतप्रणालीत साठवला जाई. तिचे १९९१ मधील रूप भारतीय मानक ब्यूरोने आयएस १३१९४ या क्रमांकाने प्रमाणित केले. इस्कीमध्ये अक्षराचा आकार साठवला जात नाही, उच्चारक्रमाने वर्ण साठवला जातो. ‘वि’ लिहिताना आधी ‘व’, मग ऱ्हस्व वेलांटी. पडद्यावर वेलांटी आधी दिसते हा भाग दाखवणाऱ्या यंत्रणेचा. युनिकोडच्या १९९१ मधील पहिल्या आवृत्तीने देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या आवृत्तीवरून घेतली. त्यामुळे जिस्ट कार्डावर लिहिलेली एखादी फाइल आज मिळाली, तर तिचे युनिकोडमध्ये रूपांतर जवळजवळ वर्णास वर्ण असे होते. डॉसच्या काळ्या पडद्यावर हिरव्या अक्षरांत लिहिलेला मजकूर त्यानंतरच्या रंगीत, सुबक मजकुरापेक्षा अधिक वाचनीय निघावा, ही गोष्ट विलक्षण म्हटली पाहिजे.

सैल अटीची किंमत

२४ ऑगस्ट १९९५ रोजी आलेल्या विंडोज ९५ ची किमान अट ३८६डीएक्स प्रोसेसर व ४ मेगाबाइट मेमरी एवढीच होती. या प्रणालीत चित्ररूप अक्षरसंच, म्हणजे फाँट, कोणालाही घालता येत. कार्डाची गरज उरली नाही. सीडॅकचे आयएसएम, पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्री-लिपी, आकृती अशी सॉफ्टवेअर प्रचारात आली आणि जे यंत्र इंग्रजी लिही ते मराठीही लिहू लागले. मराठी अक्षरजुळणीचा या दशकात जो प्रसार झाला तो या सैल अटीमुळेच, आणि त्याचे मोल कमी लेखण्याचा येथे हेतू नाही. अनेक लहान मुद्रणालये, दिवाळी अंक व महाविद्यालयांची वार्षिके या सोयीवर निघाली.

मात्र या सोयीत एक तडजोड होती. विंडोज ९५ ला देवनागरी नावाची लिपी ठाऊकच नव्हती. रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले फाँट वापरून तिला फसवले जाई. संगणकाच्या लेखी फाइलमध्ये रोमन अक्षरे व विरामचिन्हे यांची एक निरर्थक ओळ असे. तिला मराठीचे रूप फाँट देई. प्रत्येक उत्पादकाचे तुकडे निराळे, त्यांच्या जागा निराळ्या. शिवाय मजकूर दिसतो त्या क्रमाने साठवला जाई. ‘वि’ मधील वेलांटी आधी, ‘व’ नंतर. ‘सूर्य’ मधील रफार ज्या अक्षरावर चढतो त्याच्याही मागे. फाँट गेला की भाषा गेली.

अनेक सॉफ्टवेअरांसोबत समांतर पोर्टला लावायचे एक छोटे कुलूप येत असे. ते लावले नाही तर सॉफ्टवेअर उघडत नसे. पुढील काळातील संगणकांवरून समांतर पोर्टच नाहीसे झाले. छापील अटींच्या तक्त्यात ही अट कधी दिसली नाही, पण आमच्या विभागापुरती तीच निर्णायक ठरली. मुलाखतींची टिपणे उघडायची तर ते कुलूप हवे, आणि कुलपाला पोर्ट असलेले यंत्र हवे.

खरे तर २००३ मध्ये ही टिपणे युनिकोडमध्ये लिहिणे अशक्य नव्हते. फेब्रुवारी २००० मध्ये आलेल्या विंडोज २००० पासून देवनागरी युनिकोडला प्रणालीतच स्थान मिळाले होते आणि २५ ऑक्टोबर २००१ रोजी आलेल्या विंडोज एक्सपीमध्ये मंगल हा फाँट होता. एक्सपीची अट २३३ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, किमान ६४ व शिफारस १२८ मेगाबाइट मेमरी, आणि डिस्कवर १.५ गिगाबाइट जागा अशी होती. त्या काळी विंडोज ९८ वर, १६ मेगाबाइट मेमरीच्या अटीवर घेतलेली यंत्रे अनेक प्रयोगशाळांत चालू होती. ती या पायरीखालीच राहिली. युनिकोड मराठीची खरी सीमारेषा अशी ६४ मेगाबाइटवरून जात होती.

आमचे यंत्र मात्र ही पायरी ओलांडलेले होते. तरीही टिपणे जुन्या फाँटमध्येच लिहिली गेली. एक्सपीमध्ये देवनागरीची सोय मुळात बंद असे. नियंत्रण पटलातील प्रादेशिक व भाषिक पर्यायांत जाऊन संयुक्त लिपींच्या फाइली बसवण्याच्या चौकटीत खूण करावी लागे, त्यासाठी मूळ सीडी घालावी लागे आणि सुमारे १० मेगाबाइट जागा द्यावी लागे. दहा मेगाबाइट! चाळीस गिगाबाइटच्या डिस्कवर ही जागा म्हणजे काहीच नव्हे. अट यंत्राने पूर्ण केली होती, परंतु ती पूर्ण झाली आहे हे तपासण्याची रीत आम्हांला ठाऊक नव्हती. २००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाने राज्यभर संगणक-साक्षरता नेली हे सर्वमान्य आहे; आमचे विद्यार्थीही तो अभ्यासक्रम करून आलेले होते. दोष त्यांचा नव्हे. ही खूण करा असे त्यांना सांगण्याचे काम शिक्षक म्हणून माझे होते, ते मी केले नाही.

पात्र, परंतु किती पात्र?

योग्यता तपासण्याचे काम यंत्राकडेच सोपवण्याची प्रथा याच काळात रुळली. एक्सपीच्या सीडीवर प्रणाली न बदलता केवळ पडताळणी करण्याची सोय होती. विस्टासाठी तर स्वतंत्र सल्लागार सॉफ्टवेअर देण्यात आले. परंतु तपासणाऱ्याचा स्वतःचा हितसंबंध असेल तर तपासणीचे काय होते, याचे उदाहरणही विस्टानेच पुरवले. तिच्या आगमनापूर्वी विकल्या जाणाऱ्या संगणकांवर ‘विस्टा-क्षम’ अशी चिकटपट्टी लावली जाई. त्यांतील काही यंत्रे प्रणालीची केवळ प्राथमिक आवृत्ती चालवू शकत. जिच्यासाठी जाहिरात केली जात होती ती चित्ररूप व्यवस्था त्यांना पेलत नसे. २००७ मध्ये अमेरिकेत मायक्रोसॉफ्टविरुद्ध दावा दाखल झाला, २००८ मध्ये कंपनीचा अंतर्गत पत्रव्यवहार न्यायालयामार्फत उघड झाला आणि २००९ मध्ये या दाव्याचा सामूहिक दर्जा काढून घेण्यात आला. दाव्याच्या निकालापेक्षा त्यातून उपस्थित झालेला प्रश्न मोलाचा आहे. ‘किमान’ म्हणजे नेमके कशासाठी किमान?

क्षमतेकडून विश्वासाकडे

२४ जून २०२१ रोजी विंडोज ११ ची घोषणा झाली, तेव्हा अटींच्या तक्त्याचे स्वरूपच पालटले. ४ गिगाबाइट मेमरी, ६४ गिगाबाइट साठवण, दोन गाभ्यांचा १ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर या अटी त्या काळच्या मानाने माफकच होत्या. नवे होते ते पुढचे: टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप, सुरक्षित आरंभाची सोय असलेले यूईएफआय आणि प्रोसेसरांची मान्य यादी. इंटेलच्या बाबतीत ही यादी काही अपवाद वगळता २०१७ मध्ये आलेल्या आठव्या पिढीपासून सुरू होते.

टीपीएम ही चिप संगणकाचा वेग वाढवत नाही. गुप्त किल्ल्या सांभाळणे आणि यंत्र सुरू होताना त्यात फेरफार झालेला नाही याची साक्ष देणे, हे तिचे काम. म्हणजे आता यंत्राला ‘तू किती करू शकतोस?’ असे न विचारता ‘तुझ्यावर विश्वास का ठेवावा?’ असे विचारले जाऊ लागले. सुरक्षेच्या दृष्टीने या प्रश्नात तथ्य आहे, हे मान्य केले पाहिजे. परंतु तो विचारण्याची रीत सदोष होती. घोषणेबरोबर दिलेले तपासणी-सॉफ्टवेअर आरंभी केवळ हे यंत्र विंडोज ११ चालवू शकत नाही एवढेच सांगे, कारण सांगत नसे. टीका झाल्यावर चारच दिवसांत ते मागे घेण्यात आले व काही महिन्यांनी कारणांसह पुन्हा देण्यात आले. कित्येक यंत्रांत टीपीएम असूनही ते मूळ मांडणीत बंद असल्याने ती अपात्र दाखवली जात.

आमच्या २०१७ च्या यंत्राची तपासणी केली तेव्हा मेमरी पुरेशी, डिस्क पुरेशी, टीपीएम २.० आहे व चालू आहे, सुरक्षित आरंभ आहे, असे उत्तर आले. प्रोसेसर तेवढा यादीत नव्हता. यंत्र सेकंदाला कोट्यवधी क्रिया करते, मराठी निर्वेध लिहिते, सर्व शोधपत्रिका उघडते. २००३ चे यंत्र दुर्बल म्हणून बाहेर गेले होते. हे यंत्र एका पिढीने आधी जन्मले म्हणून गेले. महामार्गालगतच्या कचेऱ्यांना याची झळ फारशी लागत नसावी. तेथील यंत्रे काही वर्षांनी बदलली जातातच आणि लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात जुनी यंत्रे विक्रीस येतात. ती विकत घेणाऱ्यांत लहान शाळा, शिकवणी वर्ग व महाविद्यालयांचे विभाग असतात. अपात्रतेचा भार असा खालच्या पायरीवर सरकतो.

दिंडोशीतील दुसरे उदाहरण

याच परिसरात नगर दिवाणी व सत्र न्यायालयाचा बोरिवली विभाग बसतो. बोलण्यात त्याला ‘दिंडोशी कोर्ट’ असेच म्हणतात. देशातील जिल्हा व दुय्यम न्यायालयांच्या संगणकीकरणासाठी २००७ पासून राबवलेल्या ई-न्यायालय प्रकल्पाच्या कक्षेत तेही येते. या प्रकल्पात सर्वोच्च न्यायालयाच्या ई-समितीने मुक्त सॉफ्टवेअरचा मार्ग निवडला. न्यायाधीशांना दिलेल्या लॅपटॉपवर उबुंटू ही लिनक्स प्रणाली होती आणि खटल्यांची माहिती ठेवणारे सीआयएस हे सॉफ्टवेअर राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राच्या पुणे शाखेत तयार झाले. २०१५ पर्यंतच्या पहिल्या टप्प्यात चौदा हजारांहून अधिक न्यायालये या कक्षेत आली होती. इतक्या विविध वयाच्या व बनावटीच्या यंत्रांवर एकच प्रणाली चालवायची, तर तिच्या अटींचा तक्ता दुसऱ्याच्या हाती असून चालत नाही.

मुंबईच्या उपनगरांशी मुक्त सॉफ्टवेअरचे नाते त्याहून जुने आहे. १९८५ मध्ये स्थापन झालेल्या, जुहू येथील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रात लिनक्सवर भारतीय लिपी आणण्यासाठी ‘इंडिक्स’ हा प्रकल्प झाला होता. हे केंद्र पुढे सीडॅकमध्ये विलीन झाले आणि सीडॅकची ‘बॉस’ ही लिनक्स प्रणाली २००७ मध्ये आली.

लिनक्समध्ये पडताळणीची रीतही वेगळी आहे. प्रणाली न बसवता पेनड्राइव्हवरून यंत्र सुरू करून पाहता येते. तक्ता वाचण्याऐवजी प्रत्यक्ष चालवून बघणे, ही पडताळणी अधिक प्रामाणिक वाटते. पडदा, ध्वनी, जोडणी सारे डोळ्यांसमोर असते. मात्र मुक्त प्रणालीला अट नसते असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. उबुंटूने ३२-बिट यंत्रांसाठी डेस्कटॉप आवृत्ती देणे २०१७ मध्येच थांबवले आणि डेबियनच्या ऑगस्ट २०२५ मधील तेराव्या आवृत्तीत ३२-बिट इंटेल यंत्रांसाठी प्रतिष्ठापनाची सोय उरलेली नाही. आमचे पेंटियम ४ याही दारातून परत फिरले.

२०१७ च्या यंत्रावर आता उबुंटू आहे. जुन्या यंत्राचे प्रकरण अधिक दिवस चालले. त्याची डिस्क काढून परिवर्तक लावून फाइलींची प्रत घेतली, परंतु त्या प्रतीत केवळ रोमन अक्षरांची भेंडोळी दिसली. शेवटी कुलपासह ते यंत्र पुन्हा सुरू करून, एकेक टिपण पडद्यावर उघडून कागदावर छापून घेतले. रूपांतरासाठी वापरलेल्या सॉफ्टवेअरने वेलांट्या बहुतेक जागी नीट बसवल्या, रफाराला मात्र ते अडखळले. ‘वर्ग’, ‘मार्ग’, ‘अर्ज’ हे शब्द छापील प्रतीवरून हाताने दुरुस्त करावे लागत आहेत. घरासाठी केलेल्या अर्जांच्या आठवणीच या मुलाखतींत सर्वत्र असल्याने हा शब्द जवळपास प्रत्येक पानावर येतो. एकूण टिपणांपैकी निम्म्याहून थोडी अधिक आजवर तपासून झाली आहेत. ते यंत्र तोवर विभागातच, समांतर पोर्टला कुलूप लावलेल्या स्थितीत, ठेवले आहे.